कप्पे आधी, परवानग्या नंतर: ॲझ्युअरचं खातं सुरुवातीपासून नीट लावताना

क्लाउडवर एक मशीन उभं करायला पाच मिनिटं पुरतात. ते कुणाचं, कुणाला बंद करता येईल, त्याचा खर्च कुठल्या क्लायंटच्या नावावर टाकायचा आणि काम संपल्यावर ते काढून कोण टाकणार, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं. बघता बघता खात्यात शंभर-दीडशे गोष्टी साठतात आणि त्यातल्या निम्म्यांना हात लावायला कुणी धजावत नाही. न जाणो, चालू असली तर? पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांत हे वारंवार दिसतं आणि मला ते मनापासून खटकतं. हा गोंधळ टाळायला जादा पैसे लागत नाहीत, मोठा तज्ज्ञही लागत नाही. क्रम तेवढा पाळावा लागतो: आधी कप्पे पाडायचे, मग परवानग्या वाटायच्या. क्लाउडमध्ये परवानगी वरून खाली झिरपते. वरच्या कप्प्यावर दिलेली परवानगी त्याच्या पोटातल्या सगळ्यांना लागू होते. त्यामुळे कप्पेच चुकीचे पडले असतील, तर परवानगी कितीही विचार करून दिली तरी ती नको तिथे पोचते.

हा लेख मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउड सेवेला धरून लिहिला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली डेटा सेंटर्स सुरू केली. त्यातलं 'सेंट्रल इंडिया' नावाचं रीजन, म्हणजे डेटा सेंटर्सचा विभाग, पुण्यातच आहे, म्हणून इथल्या ऑफिसांना ते सोयीचं पडतं. ॲमेझॉन किंवा गूगलकडे काम करत असाल तर अकाउंट, फोल्डर, प्रोजेक्ट अशी नावं भेटतील, पण विचाराची दिशा हीच राहील.

उदाहरणासाठी एक ऑफिस डोळ्यांसमोर ठेवू. समजा, कर्वेनगरात सहा जण काम करतात. त्यांची दोन सॉफ्टवेअर आहेत: एक दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं, दुसरं हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं. दोन डेव्हलपर, एक टेस्टर, सर्व्हर सांभाळणारा एक जण, हिशेब बघणाऱ्या ताई आणि मालक. शिवाय दर सहा महिन्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजातून एक इंटर्न येतो. एवढंसं ऑफिस असलं, तरी पुढचं सगळं त्याला लागू पडतं.

खातं कुणाच्या नावावर आहे?

पहिलं काम पोर्टलवरचं, म्हणजे ॲझ्युअर सांभाळायच्या वेबसाइटवरचं, नाहीच. ॲझ्युअरचं खातं कुठल्या मेल आयडीवर उघडलंय ते बघा. एखाद्या डेव्हलपरने ट्रायल म्हणून स्वतःच्या खासगी मेलवर उघडलेलं खातं पुढे कंपनीचं प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती खरी यंत्रणा, होऊन बसतं, असं फार वेळा होतं. तो माणूस नोकरी सोडून बंगळुरूला गेला की अडचण सुरू. खातं कंपनीच्या डोमेनवरच्या आयडीनेच उघडायचं आणि बिलाचं कार्डही कंपनीचंच जोडायचं.

माणसांची यादी जिथे असते त्या जागेचं नाव 'एन्ट्रा आयडी'. २०२३ पर्यंत तिला ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणायचे, त्यामुळे जुन्या व्हिडिओंत ते नाव ऐकू आलं तर गोंधळू नका. इथे तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. 'सिक्युरिटी डिफॉल्ट्स' चालू आहेत का ते बघा. ते फुकट आहेत आणि पासवर्डनंतरचा दुसरा पुरावा सगळ्यांना सक्तीचा करतात. पोर्टलमध्ये शिरण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ पासून हा दुसरा पुरावा टप्प्याटप्प्याने बंधनकारक केलाच आहे. दुसरं, प्रत्येकाला स्वतःचा आयडी द्या. 'ॲडमिन' नावाचा एकच आयडी चौघांत फिरत असेल, तर रात्री डेटाबेस कुणी बंद केला हे कधीच कळणार नाही. तिसरं, दोन आपत्कालीन खाती तयार करा. ती रोजच्या कामाला वापरायची नाहीत. त्यांच्या सिक्युरिटी की, म्हणजे यूएसबीला लावायच्या छोट्या चकत्या, ऑफिसच्या लॉकरमध्ये आणि दुसऱ्या एखाद्या सुरक्षित जागी ठेवायच्या.

इथे एक बारकावा आहे आणि नवीन माणूस त्यात हमखास अडकतो. एन्ट्रा आयडीतला 'ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर' आणि सबस्क्रिप्शनचा (म्हणजे बिलाच्या कप्प्याचा, तो पुढे येईल) 'ओनर' या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिला माणसांच्या यादीचा कारभारी. दुसरा मशीन, डेटाबेस, स्टोरेज यांचा. ग्लोबल ॲडमिनला मशीन आपोआप दिसत नाहीत, पण एका स्विचने तो स्वतःला ते अधिकार घेऊ शकतो. म्हणून ग्लोबल ॲडमिन मोजकेच ठेवायचे. आपल्या कर्वेनगरच्या ऑफिसात दोन पुरेत.

चार पातळ्यांची उतरंड

ॲझ्युअरमध्ये सगळ्यात वर मॅनेजमेंट ग्रुप, म्हणजे सबस्क्रिप्शन एकत्र बांधणारा कप्पा, त्याखाली सबस्क्रिप्शन, त्याखाली रिसोर्स ग्रुप आणि तळाशी प्रत्यक्ष रिसोर्स, म्हणजे मशीन, डेटाबेस, स्टोरेज, नेटवर्क वगैरे.

मॅनेजमेंट ग्रुप एकमेकांच्या पोटात सहा पातळ्यांपर्यंत घालता येतात, पण येतात म्हणून घालू नयेत. छोट्या ऑफिसला एकच पुरतो.

सबस्क्रिप्शन ही बिलाची आणि मर्यादांची हद्द आहे. किती कोअरची मशीन घेता येतील वगैरे कोटा सबस्क्रिप्शनवर मोजला जातो. माझा आग्रह असा, की दोन सबस्क्रिप्शन करा: एक प्रॉडक्शनचं, एक डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगचं. जादा सबस्क्रिप्शनचे वेगळे पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते आत काय चालवता त्याचे. फायदा मात्र मोठा. टेस्टिंगवाल्याने लोड टेस्टसाठी दहा मशीन उभी केली, तरी प्रॉडक्शनचा कोटा संपत नाही. इंटर्नला टेस्टिंगच्या सबस्क्रिप्शनमध्ये मोकळं सोडता येतं, कारण प्रॉडक्शन त्याला दिसतच नाही.

रिसोर्स ग्रुप: इथे वेळ घ्या

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. प्रत्येक रिसोर्स कुठल्या तरी एकाच रिसोर्स ग्रुपमध्ये असतो. ग्रुपच्या आत ग्रुप करता येत नाही. ग्रुपचं नाव नंतर बदलता येत नाही. आणि ग्रुप उडवला, की आतलं सगळं उडतं.

या शेवटच्या वाक्यातूनच कप्पे पाडायचा नियम निघतो: जे एकत्र जन्माला येतं आणि एकत्र जायचं आहे, ते एका ग्रुपमध्ये. अपॉइंटमेंटच्या सॉफ्टवेअरचं वेब ॲप, त्याचा डेटाबेस, त्याचं स्टोरेज हे एका ग्रुपमध्ये. सोसायटी बिलांचं सगळं दुसऱ्यात. दोघांना लागणारं नेटवर्क आणि लॉग (कामकाजाच्या नोंदी) साठवायची जागा तिसऱ्यात, कारण उद्या एखादं सॉफ्टवेअर बंद केलं तरी नेटवर्क राहायला हवं. आणि प्रयोगासाठी प्रत्येकाला टेस्टिंगच्या सबस्क्रिप्शनमध्ये स्वतःचा एक ग्रुप. इंटर्नची मुदत संपली की त्याचा ग्रुप एका झटक्यात साफ.

'सगळी मशीन एका ग्रुपमध्ये, सगळे डेटाबेस दुसऱ्यात' अशी प्रकारानुसार मांडणीही बऱ्याच ठिकाणी दिसते. कागदावर ती टापटीप वाटते, पण परवानगी द्यायची वेळ आली की फसते. सोसायटी बिलांच्या डेव्हलपरला त्याच्या डेटाबेसवर काम करू द्यायचं, तर डेटाबेसच्या ग्रुपवर परवानगी द्यावी लागते आणि तिच्यासोबत दवाखान्याचा डेटाबेसही त्याच्या हाती जातो.

ग्रुप तयार करताना पोर्टल रीजन विचारतं. ती फक्त ग्रुपची स्वतःची नोंद कुठे ठेवायची याची जागा असते. आतले रिसोर्स वेगळ्या रीजनमध्ये असू शकतात. तरी सगळीकडे सेंट्रल इंडिया ठेवलं की डोकं शांत राहतं.

कप्पे नंतर बदलू, असं म्हणून पुढे जाऊ नका. रिसोर्स एका ग्रुपमधून दुसऱ्यात हलवता येतात, पण सगळ्या प्रकारचे नाही. हलवणं चालू असेपर्यंत दोन्ही ग्रुपमध्ये नवीन काही करता किंवा काढता येत नाही. हलवल्यावर रिसोर्सचा पूर्ण पत्ता बदलतो, म्हणून तो पत्ता लिहिलेल्या स्क्रिप्ट तुटतात. आणि त्या रिसोर्सवर थेट दिलेल्या परवानग्या सोबत जात नाहीत, त्या पुन्हा द्याव्या लागतात.

ग्रुप उडवतानाचा पडदा एकदा डोळे उघडे ठेवून बघा. 'डिलीट रिसोर्स ग्रुप' दाबलं की आतल्या रिसोर्सची यादी येते आणि खाली एक रिकामी चौकट असते. तिच्यात ग्रुपचं नाव टाइप केल्याशिवाय बटण उमटत नाही. माणसं काय करतात, तर नाव कॉपी करतात, चिकटवतात आणि दाबतात. तसं करू नका. आधी यादी वरून खाली वाचा. एखादा डिस्क, एखादा बॅकअप व्हॉल्ट तिथे का आहे असा प्रश्न पडला, तर पडदा बंद करा आणि विचारून या. नाव हाताने टाइप करा, त्या दहा सेकंदांत चूक लक्षात येते.

नावं आणि टॅग

नावात तीन गोष्टी असल्या की पुरे: काय आहे, कशासाठी आहे, कुठल्या एनव्हायर्नमेंटचं (प्रॉडक्शन की टेस्टिंग) आहे. 'आरजी-सोसायटी-प्रॉड' हे नाव सहा महिन्यांनी आलेल्या माणसालाही कळतं. 'न्यू-टेस्ट-२' कुणालाच कळत नाही. पोर्टलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचं. स्टोरेज अकाउंटचं नाव मात्र ३ ते २४ अक्षरांचं, फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचंच चालतं, मधे डॅश चालत नाही, आणि ते जगभरात दुसऱ्या कुणी घेतलेलं नसावं लागतं. तुमची नावाची पद्धत आधी तिथे बसवून बघा.

नावात सगळं कोंबायची गरज नाही, त्यासाठी टॅग आहेत, म्हणजे रिसोर्सला चिकटवायच्या 'नाव आणि मूल्य' अशा चिठ्ठ्या. एका रिसोर्सला ५० पर्यंत टॅग लावता येतात. चार पाळले तरी खूप झालं: मालक, क्लायंट, एनव्हायर्नमेंट आणि 'कधीपर्यंत'. शेवटचा माझा विशेष आवडता. प्रयोगासाठी उभ्या केलेल्या प्रत्येक गोष्टीवर तारीख असली, की महिन्याच्या पहिल्या सोमवारी यादी काढून मुदत संपलेलं बिनधास्त काढता येतं.

दोन गोष्टी सांभाळा. ग्रुपला लावलेला टॅग आतल्या रिसोर्सला आपोआप लागत नाही. आणि टॅगच्या नावात लहान-मोठं अक्षर चालून जातं, पण मूल्यात नाही: एकाने मोठ्या अक्षराने 'प्रॉड' लिहिलं आणि दुसऱ्याने लहान, तर खर्चाच्या अहवालात त्या दोन वेगळ्या ओळी होतात. ठरलेल्या मूल्यांची छोटी यादी सगळ्यांना देऊन टाका. टॅगमध्ये पासवर्ड किंवा ग्राहकाचा फोन नंबर कधीही लिहू नका. टॅग साध्या मजकुरात साठतात आणि बिलाच्या फाइलपर्यंत जातात.

कोण, काय, कुठे

आता परवानग्या. ॲझ्युअरमध्ये प्रत्येक परवानगी तीन प्रश्नांची उत्तरं देते: कोणाला, कुठला रोल, कुठल्या पातळीवर. पातळीलाच स्कोप म्हणतात.

रोल शेकड्यांनी आहेत, पण सुरुवातीला चार ओळखीचे असले की काम चालतं. 'ओनर' सगळं करू शकतो, दुसऱ्यांना परवानग्याही देऊ शकतो. 'काँट्रिब्युटर' रिसोर्स बनवू, बदलू, उडवू शकतो; फक्त परवानगी वाटू शकत नाही. 'रीडर' बघू शकतो. 'युझर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर' परवानग्या वाटतो, बाकी रिसोर्सना हात लावत नाही. तरी तो स्वतःलाच ओनर करून घेऊ शकतो, त्यामुळे त्याला हलका रोल समजू नका.

परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी होत नाही, हे नीट मनात बसू द्या. समजा, घाईत इंटर्नला प्रॉडक्शनच्या सबस्क्रिप्शनवर काँट्रिब्युटर केलं. नंतर कुणाला तरी वाटलं की दवाखान्याच्या ग्रुपमध्ये तरी त्याने फक्त बघावं, म्हणून तिथे त्याला रीडर दिलं. काहीही कमी झालेलं नाही. वरून काँट्रिब्युटर झिरपतोच आहे, तो रीडरच्या खाली झाकला जात नाही. कमी करायचं असेल तर वर जाऊन ती मूळ परवानगीच काढावी लागते. म्हणूनच परवानगी नेहमी खालच्यात खालच्या स्कोपवर आणि कमीत कमी रोलने सुरू करायची. वाढवणं एका मिनिटाचं काम आहे. काढून घ्यायला गेलं की 'माझं काम अडलं' अशी हाक येते आणि मग सगळेच माघार घेतात.

आणि परवानगी माणसाला न देता गटाला द्या. एन्ट्रा आयडीत 'सोसायटी-डेव्हलपर', 'दवाखाना-डेव्हलपर', 'टेस्टर', 'हिशेब' असे गट करा आणि रोल त्या गटांना द्या. नवा माणूस आला की त्याला गटात घ्यायचं, गेला की काढायचं. रोलला हात लावायचा नाही. आपल्या सहा जणांच्या ऑफिसला हे जड वाटेल, एकाच माणसाचा गट कशाला असंही वाटेल. तरीही करा. त्या एका माणसाच्या जागी दुसरा येतो त्या दिवशी त्याचा उपयोग कळतो.

प्रत्यक्ष पडद्यावर असं चालतं. रिसोर्स ग्रुप उघडा. डाव्या बाजूला 'ॲक्सेस कंट्रोल' असं लिहिलेलं असतं, पुढे 'आयएएम' ही तीन अक्षरं. त्यावर टिचकी मारा. वर 'ॲड', मग 'ॲड रोल असाइनमेंट'. पहिल्या पानावर रोल निवडा. ओनर, काँट्रिब्युटरसारखे भारी रोल वेगळ्या टॅबखाली ठेवलेत, ते उगाच नाही. पुढच्या पानावर 'सिलेक्ट मेंबर्स' मध्ये गटाचं नाव शोधा. शेवटच्या पानावर स्कोपची ओळ असते, ती मोठ्याने वाचा. तिच्यात रिसोर्स ग्रुपच्या जागी सबस्क्रिप्शनचा पत्ता दिसला, तर तुम्ही चुकीच्या पातळीवर उभे आहात. मग 'रिव्ह्यू प्लस असाइन'. परवानगी लागू व्हायला कधीकधी दहा मिनिटं लागतात, तोवर समोरच्याला लॉग आउट करून परत यायला सांगा; लगेच चालत नाही म्हणून मोठा रोल देऊन मोकळे होऊ नका. याच पानावर 'चेक ॲक्सेस' आहे. तिथे माणसाचं नाव घातलं की त्याला कुठला रोल कुठून मिळतोय ते दिसतं. दुसऱ्यांच्या कामात लुडबुड वाटेल, पण आठवड्यातून एकदा एखाद्याचं नाव घालून बघाच.

हिशेबाच्या ताईंना कुठला रोल? त्यांना मशीन नको आहेत, खर्च हवा आहे. त्यासाठी 'कॉस्ट मॅनेजमेंट रीडर' असा वेगळा रोल आहे. बिल बघता यावं म्हणून थेट ओनर करून ठेवलेलं असतं, ते पहिल्या दिवशी बदला.

ओनर किती ठेवायचे? सबस्क्रिप्शनला तीनपेक्षा जास्त नकोत, असा मायक्रोसॉफ्टचा सल्ला आहे. माझ्या मते एकच ठेवणंही पुरत नाही. अनंत चतुर्दशीच्या दिवशी एकुलता एक ओनर लक्ष्मी रोडवर पथकात ढोल वाजवत असेल, तर त्याच्या खिशातला फोन कुणाला ऐकू येणार? दोन ठेवा आणि दोघं एकाच पथकात नसावेत.

डेटाची परवानगी वेगळी असते

रिसोर्स सांभाळायची परवानगी आणि त्याच्या आतला डेटा वाचायची परवानगी ॲझ्युअर वेगळी धरतं. स्टोरेज अकाउंटच्या ओनरला स्वतःच्या लॉगिनने आतल्या फाइल वाचायचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी 'स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर' किंवा 'स्टोरेज ब्लॉब डेटा काँट्रिब्युटर' असे स्वतंत्र रोल आहेत (ब्लॉब म्हणजे स्टोरेजमध्ये साठवलेली फाइल). ऐकून बरं वाटतं. पण एक वाट उघडी राहते. प्रत्येक स्टोरेज अकाउंटला दोन ॲक्सेस की, म्हणजे पासवर्डसारख्या किल्ल्या, असतात, त्या काँट्रिब्युटरला बघता येतात, आणि ज्याच्याकडे की त्याच्याकडे सगळ्या फाइल. म्हणजे काँट्रिब्युटर दिला, तर व्यवहारात डेटाही दिला.

आपल्या ऑफिसच्या स्टोरेजमध्ये दवाखान्यांत आलेल्या माणसांची नावं, फोन नंबर, कदाचित रिपोर्टसुद्धा आहेत. ते आपल्या शेजारचे, ओळखीचे लोक आहेत. डॉक्टरांवर विश्वास टाकून त्यांनी ही माहिती दिली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ही माहिती इंटर्नच्या लॅपटॉपवर उतरता कामा नये. स्टोरेज अकाउंटच्या 'कॉन्फिगरेशन' मध्ये कीने मिळणारा प्रवेश बंद करायची सोय आहे. आधी तुमचं ॲप की वापरत नाही ना ते तपासा, मग तो प्रवेश बंद करा आणि डेटाचे रोल मोजक्यांना द्या.

ॲप की वापरत असेल तर? मग 'मॅनेज्ड आयडेंटिटी' शिका. वेब ॲपलाच ॲझ्युअर स्वतःची ओळख देतं, त्या ओळखीला तुम्ही माणसासारखाच रोल देता आणि कोडमध्ये पासवर्ड लिहायची वेळच येत नाही. नवशिक्यांनी शिकायच्या गोष्टींत मी हिला फार वरचं स्थान देते. कोडमधला पासवर्ड एकदा गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, गेला, की फाइलमधून पुसला तरी इतिहासात राहतोच. बाहेरच्या एखाद्या सेवेचा पासवर्ड ठेवावाच लागला, तर तो 'की व्हॉल्ट' मध्ये, म्हणजे ॲझ्युअरच्या पासवर्ड ठेवायच्या तिजोरीत.

लॉक

परवानगी असलेल्या माणसाच्या हातूनही चूक होते, त्यासाठी लॉक. 'डिलीट' प्रकारच्या लॉकने बदल करता येतात, उडवता येत नाही. 'रीड ओन्ली' मध्ये बदलही करता येत नाहीत. लॉक ओनरलाही लागू होतो. त्याला आधी लॉक काढावा लागतो, आणि त्या वेळात विचार करायला सवड मिळते. काँट्रिब्युटरला लॉक काढता येत नाही.

प्रॉडक्शनच्या प्रत्येक डेटाबेसवर, स्टोरेजवर आणि नेटवर्कच्या ग्रुपवर डिलीट लॉक लावा. रीड ओन्लीच्या वाटेला लवकर जाऊ नका. तो मशीनच्या ग्रुपवर लावला की मशीन चालू किंवा रीस्टार्टही करता येत नाही, आणि स्टोरेजवर लावला की ॲक्सेस की दिसेनाशा होतात. आणि लॉक म्हणजे बॅकअप नव्हे: तो स्टोरेज अकाउंट वाचवतो, आतल्या फाइल नाही. फाइल उडवायचा अधिकार ज्याला आहे तो लॉक असतानाही त्या उडवू शकतो. त्यासाठी उडवलेली फाइल ठरावीक दिवस परत आणू देणारं 'सॉफ्ट डिलीट' वेगळं चालू करावं लागतं.

पॉलिसी

रोल माणसाला अडवतो, पॉलिसी रिसोर्सला: कोण बनवतंय हे न बघता, कसा बनतोय हे ती तपासते. ओनरही तिच्यातून सुटत नाही. तयार पॉलिसी भरपूर मिळतात. त्यातल्या तीन लावा.

पहिली 'अलाउड लोकेशन्स': सेंट्रल इंडिया आणि साउथ इंडिया एवढीच रीजन ठेवा. घाईत कुणी अमेरिकेतलं रीजन निवडलं की तिथेच अडेल. पेमेंटचं काम करणाऱ्यांना तर हे हवंच, कारण रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंट व्यवस्थेचा डेटा भारतातच साठवायला सांगितला आहे. दुसरी, रिसोर्स ग्रुपला मालकाचा टॅग सक्तीचा करणारी. तिसरी, ठरावीक आकाराचीच मशीन घेऊ देणारी. ही टेस्टिंगच्या सबस्क्रिप्शनवर. जुने रिसोर्स पॉलिसी उडवत नाही, फक्त 'नियमात बसत नाहीत' म्हणून दाखवते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

खर्चावर नजर

प्रत्येक सबस्क्रिप्शनवर बजेट लावा आणि ५०, ८०, १०० टक्क्यांना मेल येऊ द्या, मालक आणि हिशेबाच्या ताई दोघांना. बजेट काहीही बंद करत नाही, फक्त कळवतं, आणि खर्चाचे आकडे काही तास मागे असतात. म्हणून टेस्टिंगच्या मशीनना रात्री आठचं 'ऑटो शटडाउन' लावाच. विंडोजच्या आतून शट डाउन केलेलं मशीन ॲझ्युअरच्या लेखी तुमच्याकडेच राखून ठेवलेलं असतं आणि त्याचे पैसे चालू राहतात. पोर्टलवरून 'स्टॉप' करून 'डीॲलोकेटेड' असं दिसलं, की मशीनचे पैसे थांबतात. डिस्कचे चालूच राहतात.

कुणी काय केलं याची नोंद

'ॲक्टिव्हिटी लॉग' मध्ये कुणी काय बनवलं, बदललं, उडवलं ते दिसतं. पण तो ९० दिवसांचाच असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस आणि भारतात ठेवावे लागतात. म्हणजे नुसत्या पोर्टलवर विसंबून चालणार नाही. 'डायग्नोस्टिक सेटिंग' मधून ॲक्टिव्हिटी लॉग सेंट्रल इंडियातल्या स्टोरेजमध्ये किंवा लॉग ॲनालिटिक्समध्ये (लॉग साठवून शोधायची ॲझ्युअरची सोय) पाठवायला लावा, आणि त्या जागेवर डेव्हलपरना लिहायची परवानगी देऊ नका.

माणूस सोडून जातो तेव्हा

शेवटच्या दिवशी केक कापला जातो, लॅपटॉप जमा होतो आणि क्लाउड विसरला जातो. क्रम असा ठेवा. आधी मालकाच्या टॅगवर त्याच्या नावाचा फिल्टर लावून यादी काढा आणि प्रत्येक गोष्टीला नवा मालक द्या. हे तो ऑफिसात असतानाच करा, म्हणजे काय कशासाठी आहे ते त्यालाच विचारता येतं. मग एन्ट्रा आयडीत त्याचं साइन-इन थांबवा आणि चालू असलेली सेशन रद्द करा. खातं लगेच उडवू नका. उडवलेलं खातं ३० दिवसांत परत आणता येतं, पण आधी थांबवून आठवडाभर काही मोडत नाही ना ते बघितलेलं बरं.

त्यानंतर त्याला माहीत असलेल्या किल्ल्या बदला. स्टोरेजला दोन की असतात त्या याचसाठी: ॲप दुसऱ्या कीवर न्या, पहिली नव्याने तयार करा, ॲप परत पहिल्यावर आणा, मग दुसरी तयार करा. ग्राहकाला काही कळतही नाही. त्याने ॲपसाठी काढलेल्या सीक्रेटची, म्हणजे ॲपच्या पासवर्डची, यादी 'ॲप रजिस्ट्रेशन्स' मध्ये मिळते, तीही तपासा. आणि खातं उडवल्यानंतर एकदा ॲक्सेस कंट्रोलच्या पानावर जा. कुणी त्याला थेट रोल दिलेला असेल, तर तिथे नावाच्या जागी 'आयडेंटिटी नॉट फाउंड' असं दिसेल. त्या ओळी निवडा आणि काढून टाका.